रात्री साडेआठचा मेसेज: ज्येष्ठांच्या दातांसाठी फोन कसा वापरावा

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या सचिवांचा आहे. थोडक्यात असा: "आमचे सुमारे 300 सभासद आहेत. गेल्या महिन्यात दंततपासणी शिबिर घेतलं. सुजलेल्या हिरड्या, किडलेली मुळं, बुळबुळीत झालेल्या कवळ्या असंच चित्र दिसलं. शिबिरात सांगितलेलं लोक आठ दिवसांत विसरतात, म्हणून आता फोनवर मेसेज पाठवावेत असं ठरतंय. याचा खरंच उपयोग होतो का? काय लिहावं, किती वेळा पाठवावं आणि कशावरून, एसएमएस की व्हॉट्सअॅप?"

सचिवसाहेब, उपयोग होतो. पण ज्या कारणासाठी तुम्ही मेसेज पाठवायचं म्हणताय, त्या कारणासाठी तो फारसा होणार नाही. मी गेली 22 वर्षं सार्वजनिक दंतआरोग्याचं काम करते, त्यातली शेवटची काही वर्षं बऱ्याच अंशी फोनवरून. सुरुवातीला माझाही समज असाच होता: लोक विसरतात, तर तेच पुन्हा सांगू. मग शिबिरातलं भाषण बारीक तुकडे करून पाठवत राहिले आणि काही बदललं नाही. तुमच्या सभासदांपैकी कवळी वापरणाऱ्या कुणालाही विचारून पाहा, रात्री ती काढून ठेवायची असते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. माहिती असतेच. कमी पडते ती रात्री जेवण झाल्यावर, भांडी घासायला गेल्यावर, अंथरुणावर टेकण्याआधीच्या त्या दोन मिनिटांतली आठवण. मेसेज त्या दोन मिनिटांसाठी पाठवायचा. आणि त्या मेसेजला उत्तर देता यायला हवं, पलीकडे ते उत्तर घेणारं माणूस हवं. मी पुढे जे काही सांगणार आहे ते या दोनच गोष्टींभोवती फिरतं.

आधी पुरावा काय म्हणतो ते सांगते, म्हणजे अपेक्षा ठीक राहतील. मेसेजने सवय बदलू शकते याचा चांगला दाखला ब्रिटनमधला आहे. 2011 साली तिथे 5800 धूम्रपान करणाऱ्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, लाळेची चाचणी करून पाहिलं, तेव्हा मदतीचे मेसेज मिळालेल्यांपैकी 10.7 टक्के लोकांनी धूम्रपान सोडलेलं होतं. साधे, मदत नसलेले मेसेज मिळालेल्यांत हे प्रमाण 4.9 टक्के होतं. म्हणजे दुपटीहून जास्त, पण शंभरातले दहाच. हे दोन्ही आकडे एकत्र लक्षात ठेवा. दुसरा दाखला थेट दातांचा आहे, तोही ब्रिटनमधला, माध्यमिक शाळेतल्या मुलांवरचा. वर्गात एक तास आणि नंतर ब्रश करण्याची आठवण देणारे मेसेज, दिवसातून दोनदा. सहा महिन्यांनी मुलं जास्त नियमित ब्रश करत असल्याचं दिसलं, अडीच वर्षांनी दात तपासले तर किडण्यात फरक नव्हता. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं: मेसेजचा जोर काही महिन्यांचा असतो. तेवढ्या काळात सवयीला दुसरा आधार मिळाला नाही, तर ती मेसेजबरोबरच विरते. ज्येष्ठांवरचे अभ्यास याहून थोडे आणि लहान आहेत. तरी जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दातांच्या आरोग्यासाठी मोबाइल कसा वापरावा याची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, म्हणजे हा मार्ग आता कुणी हौस म्हणून बघत नाही.

आता तुमच्या 300 सभासदांकडे येऊ. पहिला मेसेज पाठवण्याआधी एक काम करा: फोन कुणाच्या हातात असतो ते शोधा. नोंदवहीत आजोबांच्या नावासमोर जो नंबर आहे तो बरेचदा मुलाचा असतो, आणि मुलगा पुण्यात चाकणला कामाला असतो. आजीचा नंबर म्हणून लिहिलेला फोन दिवसभर नातवाकडे असतो. मी एका गावात दोन महिने मेसेज पाठवत होते आणि नंतर कळलं की निम्मे मेसेज सुनांनी वाचून मनातच ठेवले होते. त्यात त्यांची चूक नव्हती. मेसेज आजींच्या नावाने आला होता, "वाचून दाखवा" असं त्यात कुठे म्हटलं होतं?

म्हणून तीन याद्या करा. जे स्वतः वाचतात ते एका यादीत. ज्यांना कुणीतरी वाचून दाखवतं ते दुसरीत, आणि त्या वाचून दाखवणाऱ्याचं नावही लिहा. त्याच्याशी आधी बोला, मेसेज त्याला उद्देशून लिहा: "सुनीता, जेवणानंतर आईंना कवळीची डबी द्या." तिसऱ्या यादीत ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही असे. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना बटणाच्या फोनवरची ती बारीक अक्षरं दिसत नाहीत आणि खेड्यातल्या पंचाहत्तरीच्या पुढच्या अनेक बायकांना शाळाच मिळालेली नाही. त्यांच्यासाठी आवाज. केंद्र सरकारची 'किलकारी' सेवा 2016 पासून गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना आठवड्याला एक असे 72 संदेश पाठवते, ते सगळे बोलून. मुंबईतल्या 'आरमान' संस्थेची 'एममित्र' सेवाही आवाजावरच उभी राहिली. त्या सेवा तरुण बायकांसाठी आहेत. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तर बोललेलंच अधिक पोचेल.

आवाजाबद्दल एक बारकावा. म्हातारपणी ऐकू कमी येतं तेव्हा आधी जातात ते उंच पट्टीचे सूर. त्यामुळे संघातल्या एखाद्या मुलीच्या गोड, उंच आवाजात केलेलं रेकॉर्डिंग अनेकांना फक्त किलबिलीसारखं ऐकू येतं. जाड, संथ आवाजाचा माणूस निवडा, पुरुष असो की बाई. वाक्यांमध्ये श्वास घ्यायला सांगा. आणि तो आवाज गावातल्याच कुणाचा असेल तर लोक फोन ठेवत नाहीत.

आता लिहिण्याबद्दल, कारण यात मी एक चूक केली होती आणि ती मला अजून आठवते.

मराठीतला एसएमएस 70 अक्षरांचा असतो. इंग्रजीला 160 मिळतात, देवनागरीला 70. आणि ही अक्षरं आपण मोजतो तशी मोजली जात नाहीत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, प्रत्येकाचं वेगळं एक. 'रात्री' आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं, फोनच्या हिशेबात सहा. मेसेज 70 च्या पुढे एका अक्षराने जरी गेला तरी त्याचे तुकडे पडतात, मग प्रत्येक तुकड्यात 67 अक्षरं. नवे फोन ते तुकडे जोडून दाखवतात. जुन्या फोनवर, किंवा रेंज गेली, किंवा इनबॉक्स भरलेला असला, तर एक तुकडा येतो आणि दुसरा येत नाही.

मी पाठवलेला मेसेज असा होता: "दात काढायचा असेल तर आधी सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी स्वतःहून बंद करू नका." अतिशय काळजीने लिहिलेला. मोजला तर 76 अक्षरं. सदुसष्टावं अक्षर नेमकं 'बंद' या शब्दाच्या शेवटी येतं. अँजिओप्लास्टी झालेल्या एका आजोबांच्या फोनवर पहिलाच तुकडा पोचला: "...गोळी स्वतःहून बंद". त्यांनी डॉक्टरांचा हुकूम म्हणून चार दिवस गोळी बंद ठेवली. ते दात काढायला आले तेव्हा मला कळलं. त्यांना काही झालं नाही हे आमचं सगळ्यांचं भाग्य. स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी, बसवलेल्या माणसाने ती गोळी बंद करणं म्हणजे केवढा धोका, हे मला त्यांच्याकडे बघताना कळत होतं आणि ते मात्र हसून म्हणत होते, "तुम्हीच सांगितलंत ना?"

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'करू नका', 'घेऊ नये', 'लावत नाही'. वाक्य तुटलं, अर्धवट वाचलं, वाचून दाखवणाऱ्याचा आवाज शेवटी पडला, की नकार गळतो आणि उरतो तो थेट उलटा अर्थ. म्हणून औषधाचा, दुखण्याचा कोणताही मेसेज नकारात लिहायचा नाही. आज तोच मेसेज मी असा पाठवते: "रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवा. दात काढण्याआधी आम्हाला सांगा." 62 अक्षरं. कुठूनही तुटला तरी कुणाचा जीव धोक्यात येत नाही.

तुम्ही लिहिलेला प्रत्येक मेसेज असा मधूनच तोडून पाहा. पहिला अर्धा एकटा वाचला तर काय अर्थ होतो? दुसरा अर्धा एकटा वाचला तर? ही तपासणी केल्याशिवाय एकही मेसेज पुढे पाठवू नका. पैसे वाचवायला कुणी सुचवेल की मराठीच पण रोमन लिपीत लिहू, 160 अक्षरं मिळतील. ते तुमची नातवंडं वाचतील. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना ते कोडं वाटतं.

भाषेचं पुढचं. 'मौखिक आरोग्य' हा शब्द सरकारी कागदावर ठीक आहे, मेसेजमध्ये तो आला की लोकांना तोंडी परीक्षा आठवते. तोंड, दात, दाढ, हिरडी, कवळी, चूळ, एवढ्यात सगळं बसतं. आणि हाक. सरसकट 'आजी-आजोबा' म्हणू नका. बासष्ट वर्षांच्या, अजून शेतात भांगलायला जाणाऱ्या बाईला 'आजी' म्हटलेलं आवडत नाही आणि ती पुढचं वाचत नाही. नोंदणी करतानाच विचारा, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" कुणी आक्का असतात, कुणी तात्या, कुणी गुरुजी, कुणाला नावापुढे 'बाई' हवं असतं. ती हाक यादीत लिहून ठेवा आणि मेसेजच्या सुरुवातीला घाला. "शांताबाई, रात्री कवळी काढा, साबणाने घासा, पाण्यात ठेवा." हाक धरून 55 अक्षरं होतात. माझ्या अनुभवात मेसेज वाचला जातो की नाही हे बरंचसं या हाकेवर ठरतं.

या मेसेजमधली 'साबण' आणि 'पाणी' ही दोन्ही पदं विचार करून आलेली आहेत. कवळी पेस्टने घासली तर पेस्टमधल्या खरखरीत कणांनी तिच्यावर बारीक ओरखडे पडतात आणि त्यात जंतू बसतात. साधा साबण आणि मऊ ब्रश पुरतो. पाणी साधं, गरम नको, गरम पाण्याने कवळीचा आकार बिघडतो. घासताना खाली पाण्याने भरलेली बादली किंवा घमेलं ठेवावं, हातातून सुटली तर फरशीवर पडून फुटत नाही. पण हे सगळं मेसेजमध्ये कोंबायचं नाही. हे समोर बसवून, हातात कवळी घेऊन दाखवायचं. मेसेजने त्या दाखवण्याची आठवण करून द्यायची.

आणि मेसेजबरोबर एक वस्तू द्या. झाकणाची प्लास्टिकची डबी, ज्यावर त्यांचं नाव लिहिलंय. ती उशाशी ठेवायला सांगा. मेसेज आला, डबी समोर दिसली, कवळी तिच्यात गेली. डबीशिवाय मेसेज पाठवला तर माणूस उठून वाटी शोधणार, वाटी स्वयंपाकघरात, तिथे दिवा बंद, मग राहूच दे. सवयीला अडवणारी गोष्ट अनेकदा इतकीच असते. संधिवाताने बोटं वाकलेल्यांसाठी ब्रशच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं जुनं रबर चढवा, पकड येते.

काय पाठवावं याची यादी मी देत नाही, कारण ती तुमच्या शिबिराच्या नोंदीतून निघायला हवी. पण ज्येष्ठांच्या तोंडात जे खरं बिघडतं त्याबद्दल थोडं सांगते, कारण बहुतेक तयार मेसेज लहान मुलांच्या दातांवरून उचललेले असतात.

म्हातारपणी हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर वरच्या भागासारखं कठीण इनॅमल नसतं, ते मऊ असतं आणि पटकन किडतं. त्यात बीपीची, झोपेची, नैराश्याची, अॅलर्जीची औषधं तोंड कोरडं करतात. लाळ ही दातांची राखणदार, तीच आटते. मग कोरडं तोंड ओलं ठेवायला माणूस काय करतो? आपल्याकडे खडीसाखर तोंडात धरतो, किंवा खोकल्याची गोळी चघळतो. दिवसभर साखरेच्या पाकात मूळ बुडालेलं. मी मुळाशी किडलेले दात पाहिले की पहिला प्रश्न खडीसाखरेचा विचारते आणि उत्तर बहुधा 'हो' येतं. म्हणून माझा एक आवडता मेसेज: "तोंड कोरडं पडलं? दोन घोट पाणी प्या. खडीसाखर डब्यातच राहू द्या." हा दुपारी तीनच्या सुमाराला पाठवते, तेव्हा घरात शांतता असते आणि हात डब्याकडे जातो. ज्यांना किडनीच्या किंवा हृदयाच्या दुखण्यामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितलंय त्यांची नावं या मेसेजमधून आधी वगळा, त्यांनी चूळ भरली तरी पुरते.

पेस्टमध्ये फ्लोराइड असावं, हे उघड्या मुळांसाठी मुलांच्या दातांइतकंच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे अनेक ज्येष्ठ लाल दंतमंजन, राखुंडी किंवा वीटकरीची भुकटी बोटाने लावतात. त्याने मऊ मूळ झिजून खाच पडते. त्यांना "पेस्ट वापरा" म्हणून भागत नाही, कारण पेस्टचा फेस त्यांना आवडत नाही. वाटाण्याएवढी पेस्ट, मऊ ब्रश, आणि नंतर खळखळून चुळा न भरता फक्त थुंकणं, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. हे दाखवायला भेट लागते.

साखरेचा आजार असणाऱ्यांना वेगळी यादी करा. हिरडीचा आजार आणि मधुमेह एकमेकांना चढवतात: साखर वाढली की हिरड्या सुजतात, हिरड्यांत जंतुसंसर्ग असला की साखर आटोक्यात राहत नाही. या लोकांच्या रोजच्या गोळीला दातांचा मेसेज जोडता येतो. "रात्रीची गोळी घेतलीत? आता दात घासा." गोळी ते विसरत नाहीत, कारण तिची भीती आहे. त्या न विसरणाऱ्या सवयीच्या शेपटाला दुसरी सवय बांधायची.

आणि खाण्याबद्दल बोला. "दातांचं आरोग्य" या विषयावर मला कधी उत्तरं आली नाहीत, पण "भाकरी चावता येते का?" असा मेसेज पाठवला की फोन वाजत राहतो. दात गेले की माणूस भाकरी आमटीत कुस्करून खातो, ते ठीक, पण हळूहळू शेंगदाणे सुटतात, काकडी सुटते, मटण सुटतं, चहा आणि बिस्किटावर दिवस निघतो. अंगातली ताकद तिथून जाते. जपानने 1989 साली '8020' नावाची मोहीम सुरू केली, वयाच्या 80 व्या वर्षी स्वतःचे 20 दात. वीस हा आकडा चावता येण्यावरून ठरवला. त्यांनी लोकांना दात वाचवा असं सांगताना जेवणाची गोष्ट सांगितली, म्हणून ती लोकांना पटली.

वेळ आणि संख्या. सकाळचा मेसेज बहुधा वाया जातो. आपली म्हातारी माणसं साडेपाचला उठून दात घासून मोकळी होतात, तुमचा मेसेज आठला येतो. रात्रीचा नेमका पाठवा: गावात साडेआठ, शहरात साडेनऊ. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून तीनदा, मग एकदा. तीन महिन्यांनी थांबा, महिनाभराने पंधरा दिवसांसाठी पुन्हा सुरू करा. रोज वर्षभर येणारा मेसेज कुणी वाचत नाही, तो देवळातल्या घंटेसारखा कानाआड होतो. आणि या तीन महिन्यांत सवयीला माणसाचा आधार लावून द्या: संघातले दोन-दोन सभासद एकमेकांचे सोबती करा, बैठकीला आल्यावर एकमेकांना विचारतील. मेसेज थांबल्यावर हे विचारणं चालू राहतं.

आता एसएमएस की व्हॉट्सअॅप. तुमच्या संघाचा व्हॉट्सअॅप गट असेल तर त्यात टाकू नका. तिथे रोज शुभ सकाळच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं, शिवाय तुरटीने हलता दात बसतो असलं काहीतरी शेजारीच येतं आणि दोन्हींचं वजन सारखंच दिसतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे आणि जे स्वतः तो वापरतात त्यांना एकेकट्याला पाठवा, शक्यतो आवाजात. बाकीच्यांना एसएमएस. एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि प्रत्येक मेसेजच्या मजकुराची नोंदणी मोबाइल कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर, म्हणजे याच नोंदणीसाठीच्या संकेतस्थळावर, करावी लागते. संघ नोंदणीकृत असेल तर होतं, थोडी कागदपत्रं लागतात. हे टाळून एकाच सिमवरून रोज 300 जणांना पाठवत राहिलात तर ते सिम बंद पडू शकतं.

या नोंदणीकृत एसएमएसमध्ये एक अडचण आहे: नंबराऐवजी अक्षरं येतात, त्यामुळे उलट उत्तर पाठवता येत नाही. यावर आम्ही मिस्ड कॉलचा तोडगा काढला. एक वेगळा नंबर घेतला, शिबिरात बसून प्रत्येकाच्या फोनमध्ये तो 'दातांचे डॉक्टर' या नावाने आम्हीच भरून दिला, आणि सांगितलं, कवळी काढली की एक मिस्ड कॉल द्यायचा. पैसे लागत नाहीत, टाइप करायचं नाही, आणि मिस्ड कॉल देणं आपल्या लोकांना उत्तम जमतं. रात्री पावणेनऊच्या सुमाराला तो फोन एकेक करून उजळायचा. माझी सहकारी वहीत खुणा करायची. एका आजींचा कॉल सलग तीन रात्री आला नाही. चौथ्या दिवशी गावातल्या आशा कार्यकर्त्या घरी गेल्या, तर खालच्या कवळीने हिरडीला जखम केली होती, आजींनी कवळी आणि जेवण दोन्ही सोडलं होतं आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. कवळीचा टोचणारा भाग तासून नीट करायला दहा मिनिटं लागली. मला विचाराल तर या सगळ्या उद्योगात सर्वांत मोलाची गोष्ट तो न आलेला कॉल होता.

फसवणुकीची भीती विसरू नका. ओटीपी, बँक, पोलिस असल्याचं सांगून धमकावणारे फोन, यामुळे म्हाताऱ्या माणसांना मुलांनी बजावलेलं असतं की अनोळखी काही उघडू नका. ते बरोबरच आहे. म्हणून तुमच्या मेसेजमध्ये कधीही लिंक नको, पैशांचा उल्लेख नको, आधार नंबर नको. पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर सांगा की आमच्या मेसेजमध्ये या गोष्टी कधीच नसतील, असल्या तर तो मेसेज आमचा नाही.

संमती लेखी घ्या. 2023 चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं, आणि त्याचं कारण मशेरी आहे. महाराष्ट्रात 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. त्यात आपल्या गावातल्या बायकांची मशेरी येते, तव्यावर भाजलेली, सकाळी दाताला लावायची. अनेकींनी ती दात दुखला म्हणून सुरू केलेली असते. एकदा एका बाईंच्या फोनवर "मशेरी सोडायला मदत हवी असेल तर" असा मेसेज गेला. फोन मुलाच्या हातात होता. घरात त्यांची मशेरी कुणाला माहीत नव्हती. त्या पुन्हा तपासणीला आल्या नाहीत. तेव्हापासून तंबाखूचा विषय मी मेसेजमध्ये नाव घेऊन काढत नाही. तो समोरासमोर, एकटीशी. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा मोफत नंबर 1800-11-2356 बैठकीच्या फलकावर सगळ्यांसाठी लावून ठेवते, म्हणजे कुणी एकटं पडत नाही. फोनवर पाठवते तो मेसेज सगळ्यांना सारखाच, महिन्याच्या एक तारखेला: "आज पहिली तारीख. आरशात जीभ-गाल पाहा. चट्टा असेल तर मिस्ड कॉल." पंधरा दिवसांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता तपासायला हवं. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर उपचार होतो, आणि तो साध्या आरशात दिसू शकतो.

अंथरुणाला खिळलेल्यांना विसरू नका, ते शिबिराला आलेच नसणार. त्यांच्यासाठीचा मेसेज सांभाळणाऱ्याला. जपानमध्ये 85 आणि त्याहून अधिक वयाच्या 524 लोकांवर झालेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की कवळी घालूनच झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. तोंडातले जंतू झोपेत श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतात. तेव्हा सुनेला किंवा मुलीला सांगा: रात्री कवळी बाहेर, डोकं उंच करून ओल्या स्वच्छ कापडाने हिरड्या आणि जीभ पुसायची. दिवसभर राबलेल्या त्या बाईला आणखी एक काम सांगतोय याची जाण मेसेजच्या शब्दांत असावी. मी शेवटी 'तुमची दमछाक आम्हाला कळते' असं लिहिलं होतं तेव्हा एकीने फोन करून नुसतं रडून घेतलं.

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीची, म्हणजे उपचाराची, सोय आधी करा. मेसेज वाचून माणूस "माझी दाढ दुखते" म्हणून आला आणि तुम्ही त्याला कुठे पाठवायचं हेच ठरलेलं नसेल, तर पुढचा मेसेज तो वाचणार नाही, आणि योग्यच करेल. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या दंतचिकित्सकांना भेटा, आठवड्यातला एक वार तुमच्या सभासदांसाठी ठरवून घ्या, जीपची व्यवस्था करा. आठवड्याला जितकी माणसं तिथे तपासली जातील त्या अंदाजाने मेसेज पाठवा, त्याहून जास्त नको.

मोजमाप करताना किती मेसेज गेले ते मोजू नका. दर आठवड्याला यादीतली दहा नावं चिठ्ठीने काढा आणि फोन करून विचारा, "काल रात्री कवळी कुठे होती?" "रोज काढता का?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, त्यांना तुम्हाला नाराज करायचं नसतं. काल रात्रीचं विचारलं की खरं उत्तर येतं. तीन महिन्यांनी त्याच लोकांचं तोंड पुन्हा तपासा, शिबिरात तपासलं त्याच डॉक्टरांकडून.

300 जणांनी सुरुवात करू नका. बैठकीला नेहमी येणाऱ्यांतले कवळीवाले वीस जण निवडा. संघातल्या सर्वांत जुन्या बटणाच्या फोनवर प्रत्येक मेसेज आधी पाठवून पाहा, चौकोन दिसतात की अक्षरं ते बघा, आणि ज्यांचा फोन आहे त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. ते जिथे अडखळतील तो शब्द बदला. डब्या बाजारात स्वस्त मिळतात, झाकण घट्ट बसणारी घ्या. शिबिराच्या नोंदी पाठवल्यात तर मी पहिल्या पंधरा दिवसांचे मेसेज अक्षरं मोजून लिहून देते.